शेवट नसलेली चकती

उणे आठ अंशांत, पहाटे, सुवा तळ्याच्या काठी उभं राहून हातमोज्यांच्या आतून कॅमेरा चालवणाऱ्या माझ्या नागानो जिल्ह्यातल्या छायाचित्र मंडळांच्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्याला मुखवटा विकला गेला आहे. 'आसागिरी डी' हा डिजिटल कॅमेरा दुकानात आला, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी तो छातीशी धरला होता ते मी पाहिलं आहे. आपल्या तरुणपणीच्या फिल्मच्या आसागिरीचाच चेहरा. तीच काळी कातडी, तोच चंदेरी माथा, त्यावर तेच कोरीव आकडे. मग जानेवारी आला. दरवर्षीप्रमाणे पुजारीबुवा तळं गोठलं का ते बघायला काठावर उतरले, आपण त्यांच्या मागे उभे राहिलो, आणि आपल्यातल्या एकालाही अंधारात वेगाची चकती कुठल्या आकड्यावर आहे ते कळेना. बडा घर, पोकळ वासा. तुम्ही सगळे चरफडलात आणि घरी गेलात. मीही गेलो.

मी ओगुची तेइजिरो, वय शहात्तर. ओकायाच्या आसागिरी कारखान्यात एकतीस वर्षं शटरच्या वेगाच्या चकत्या बसवल्या. माझ्या बहिणीची मुलगी, हिराबायाशी चिहारू, त्याच कंपनीच्या तोक्योच्या कचेरीत ह्या कॅमेऱ्याच्या नियोजनावर आहे. डीची दुसरी आवृत्ती येते आहे आणि तिचे आराखडे बंद व्हायच्या आत मला तिच्याकडून एक गोष्ट हवी होती. चकतीला दोन्ही टोकांना खुंटी. जुन्या आसागिरीत होती तशी. टोक आलं की चकती तिथे अडते, पुढे जात नाही.

ती का हवी होती, ते मी भाचीपासून लपवलं. तुमच्यापासूनही लपवलं. ऑगस्टपासून माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक काळा डाग येऊन बसला आहे. कडेकडेनं तळं दिसतं, डोंगर दिसतो, बदकं दिसतात. रोखून ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. चकतीवरचा आकडा तर नाहीच. खुंटी असेल तर टोकापासून खटके मोजत मी आणखी काही हिवाळे फोटो काढीन. नसेल तर माझ्यापुरतं संपलं.

खालची पत्रं चिहारूच्या परवानगीनं छापतो आहे. वाचा. मग एक काम सांगतो.

*

ओकाया, १२ सप्टेंबर

चिहारू,

नमनाला घडाभर तेल घालायला मला वेळ नाही. तळ्यावर शरद कसा उतरला हे तू कॅलेंडरवरच्या चित्रात बघ. मी तुमच्या डीबद्दल लिहितो आहे.

उजवीकडे फिल्म पुढे सरकवायचा दांडा आहे. मी तो ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. शेजारी आमच्या मंडळातल्या मोमोसेबाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "ओगुची-सान, घंटा बांधा त्याला. निदान वाजेल तरी." डावीकडे फिल्म गुंडाळायची मूठ आहे, ती उचलली जात नाही आणि तिच्याखाली काही उघडत नाही. भिंतीवर रंगवलेलं दार! शटरचा आवाज कुठल्याशा भोकातून येतो, आणि तुम्ही दिमाखानं लिहिलंय की तीन आवाजांतून हवा तो निवडा. एका माणसाला तीन खोकले कशाला? आवाज नको असेल तर तो बंद करायची सोय पडद्यावरच्या यादीच्या अकराव्या पानावर. यादीला एकूण चौदा पानं! आमचे नित्तासान त्या यादीत शिरले ते बदकं उडून गेल्यावर बाहेर आले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्याची भाषा पोर्तुगीज झाली होती. शिवाय तो झोपतो. दोन मिनिटं हात लावला नाही की झोपतो, आणि उठवलं तर आळस देत उठतो. मी कामावर असा झोपलो असतो तर फोरमननं मला तळ्यात फेकलं असतं.

आणि वेगाची चकती. चिहारू, ती गोल गोल फिरते. फिरतच राहते. आम्ही बसवायचो त्या चकतीत छर्रा होता, छर्‍यामागे स्प्रिंग होती, दोन्ही टोकांना खुंटी होती. टोकाला नेली की अडायची. तिथून एक खटका, दोन खटके, तीन खटके. माणूस तळ्याकडे बघत असायचा आणि बोटं मोजत असायची. तुमच्या चकतीला खटके आहेत, पण सुरुवातच नाही. मग मोजायचं कुठून? आदि-अंत नसलेला फक्त देव असावा. कॅमेऱ्यानं तो आव आणू नये.

मोजून अकरा दुरुस्त्या वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. दहा कचऱ्यात टाकल्यास तरी चालेल. खुंटी टाकू नकोस.

तेइजिरो मामा

*

तोक्यो, ३० सप्टेंबर

प्रिय मामा,

नमनाचं तेल वाचवलंत ते बरं केलंत. मग सगळं आगीत ओतलंत.

तुमच्या अकरा दुरुस्त्या वाचल्या. त्यांतल्या दहा दुरुस्त्या नाहीतच, तो फिल्मचा मृत्युलेख आहे. दांडा काही करत नाही म्हणता. मामा, आमच्या दालनात लोक येतात, तो दांडा ओढतात आणि हसतात. ते हसू हेच त्याचं काम. तुमच्या काळी दांडा फिल्म सरकवायचा, आता माणसाला सरकवतो. खिशाकडे.

चकतीबद्दलही ऐका. आम्ही पाहणी केली. शंभरातले एकाहत्तर ग्राहक ती 'आपोआप'वर ठेवतात आणि पुन्हा तिच्याकडे बघतही नाहीत. काहीजण तर कॅमेरा सुरूच करत नाहीत. गळ्यात घालून कॉफीच्या दुकानात बसतात. आणि टोक नसलेली चकती एका वेगावरून दुसऱ्यावर जवळच्या बाजूनं जाते. ह्याला प्रगती म्हणतात. तुम्हाला तिच्यात सुरुवात सापडत नाही म्हणता? आकडे इतके ठसठशीत कोरले आहेत! जरा मान खाली घालून बघा की. मान खाली घालायची सवय तुम्हाला कधीच नव्हती म्हणा.

दुसऱ्या आवृत्तीत काय असणार हे बाहेर सांगायचं नसतं, पण तुम्हाला सांगते म्हणजे तुम्हाला एकदाच काय ती उचकी लागेल. ऑलिव्हचा हिरवा रंग. आणि चेरीच्या लाकडाची पेटी.

आई विचारते, दादा फोन का उचलत नाही? आणि तुम्ही हल्ली गाडी चालवत नाही असं तिला कुणी सांगितलं, ते खरं का?

चिहारू

*

ओकाया, ९ ऑक्टोबर

चिहारू,

गळ्यात घालायला हवा असेल तर ताईत विका. त्याला यादीची चौदा पानंही लागत नाहीत.

हिरवा रंग! बेडूक रंगवला म्हणून गायला लागतो का? तुमच्या त्या शंभरातल्या एकाहत्तरांना विचारलंत. उरलेल्या एकोणतिसांना काय विचारलंत? तेच तर कॅमेरा वापरणारे होते! जेवायला बसलेल्यांना बाजूला सारून खिडकीतून डोकावणाऱ्यांना आमटीची चव विचारायची, ही तुमची पाहणी. तो आकडा माझ्या तोंडावर पुन्हा फेकू नकोस.

आणि 'आपोआप'चं कौतुक मला सांगू नकोस. पांढरं बर्फ बघितलं की तुमचं आपोआप घाबरतं आणि फोटोत त्याची करडी राख करतं. एकतीस वर्षांत मी एवढा भित्रा कामगार पाहिला नाही.

तुला आमचा फोरमन मियासाका आठवणार नाही, तू तेव्हा जन्मायची होतीस. नवा माणूस आला की तो त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, पुढ्यात दहा चकत्यांचं तबक ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यात दोन सडक्या आहेत. काढ." ज्याला टॉवेलाखाली कळत नाही, त्यानं दिव्याखाली बसू नये, असं त्याचं म्हणणं. मी तिसऱ्या दिवशी काढल्या. तू नऊ वर्षांची असताना, आमच्या कोतात्सूच्या उबदार रजईत पाय घालून बसली होतीस, तेव्हा तुझ्याही डोळ्यांवर टॉवेल बांधला होता. तू पहिल्या बैठकीत काढल्यास. "मामा, ह्या एकीचा खटका रडका आहे," म्हणालीस. ते कान आणि ती बोटं तू तोक्योत कुठे गहाण टाकलीस?

गाडीचं विचारलंस. तळं चालत जाण्याइतकं जवळ आहे. बहिणीला सांग, फोन वाजतो तेव्हा मी बाहेर असतो.

खुंटीचं काय ते लिही.

तेइजिरो

*

तोक्यो, २ नोव्हेंबर

प्रिय मामा,

खुंटीचं वर विचारलं. नकार आला. आराखडे २२ डिसेंबरला बंद होतात, मग त्यात केसभर फरक करता येत नाही. तेव्हा हा विषय इथे ठेवू या.

टीका पुष्कळ झाली. आमच्या दालनात वसंतात ग्राहकांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. डीवर काढलेले तुमचे दहाएक फोटो पाठवा. आमचे विभागप्रमुख कुसामासाहेब तुमचं नाव ऐकून आहेत. "ओकायाचे ओगुची? चकतीवाले?" असं म्हणाले. ओकायाला पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला तुमचा तळ्याचा फोटो अजून आमच्या जिन्यात लावलेला आहे. कॅमेरा वाईट म्हणता ना? मग त्याच्याकडून चांगला फोटो काढून दाखवा.

चिहारू

*

ओकाया, १६ नोव्हेंबर

चिहारू,

हे घे. अकरा. सगळे पहाटेचे, तळ्याच्या दक्षिण काठावरचे. जिन्यात जागा करून ठेव.

तेइजिरो

*

तोक्यो, २७ नोव्हेंबर

मामा,

टोमणा पोचला. इतका पोचला की विचारू नका.

मी पाकीट उघडलंही नव्हतं. अभिमानानं तसंच बैठकीत नेलं आणि कुसामासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक काढून टेबलावर मांडला. अकराच्या अकरा पांढरे. धुतलेल्या चादरीसारखे पांढरे! एका कोपऱ्यात काहीतरी करड्या रंगाचं आहे, ते बदक असावं किंवा शाईचा डाग. मग साहेब म्हणाले, "हिराबायाशी, तुझे मामा मोठे कलावंत आहेत की आमच्यावर थुंकलेत?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

टीका करायची तर करा, मामा. तुमच्या तोंडाचा पट्टा मी लहानपणापासून ऐकते आहे. पण माझ्या विश्वासाला टोपी घातलीत. बर्फाची राख होते म्हणून तुम्ही मुद्दाम बर्फाचं दूध करून पाठवलंत. कळलं. फार बुद्धिमान.

खुंटी वगळायचा निर्णय कुणा एकाच्या लहरीनं झाला असं तुम्हाला वाटतं ना? सोबत मंजुरीच्या फिरत्या कागदाचं शिक्क्यांचं पान जोडते आहे, नक्कल. सहीच्या जागी नऊ माणसांचे नऊ नावाचे शिक्के. वाचा आणि हा विषय संपवा.

हिराबायाशी चिहारू

*

ओकाया, ३ डिसेंबर

चिहारू,

पूर्ण नावानं सही केलीस. छान. कंपनीनं मामाला पत्र लिहिलं.

नक्कल पाहिली. नऊ शिक्के. सगळ्यात मोठ्या साहेबाचा ताठ उभा. आणि उरलेले आठ, जसजसे खालच्या माणसांचे येत जातात तसतसे त्याच्याकडे कलत जातात. कागदावर नमस्कार! आमच्या वेळीही कचेरीतले लोक असे शिक्के मारायचे. आम्ही कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते बघून पोट धरून हसायचो. मी तेव्हा संघटनेच्या सभेत म्हणालो होतो, की ज्याचा शिक्का वाकतो त्याचा कणा त्याच्याआधी वाकलेला असतो.

त्याच पानावर एक ओळ आहे. 'चकतीच्या खुंट्या : वगळाव्यात. कारण : जाहिरातीच्या छायाचित्रात दिसत नाहीत.' दिसत नाहीत! तुझं हृदयही जाहिरातीत दिसत नाही, काढून टाकायचं का? कॅमेरा ही वस्तू फोटो काढायची की फोटोत निघायची, एवढं एकदा ठरवा.

आता सगळ्यात शेवटचा चौकोन. तिथला शिक्का सर्वात जास्त वाकलेला. तो चौकोन कागद लिहिणाऱ्याचा असतो. एकतीस वर्षं असे कागद मी पाहिले, मला शिकवू नकोस. त्या चौकोनात 'हिराबायाशी' आहे. वर विचारलं म्हणालीस. नकार आला म्हणालीस. नकार खालून वर गेला होता, चिहारू. खुंटी तू काढलीस.

टॉवेलाखाली सडकी चकती ओळखणारी पोर ती. पुरे झालं. आता लिहू नकोस.

तेइजिरो

ता. क. मी मोमोसे किनुए. हे पत्र ओगुची-सान सांगतात आणि मी लिहिते, म्हणून अक्षर वेगळं आहे. ही ओळ त्यांनी सांगितलेली नाही. ते माझ्यासमोर बसून चहा पिताहेत आणि म्हणताहेत, "मोमोसेबाई, एवढं काय लिहिताय? सही झाली ना?" मी म्हणाले, पत्ता लिहिते आहे. ते काही बघू शकत नाहीत, म्हणून मी लिहू शकते. त्यांना वाचता येत नाही. ऑगस्टपासून डोळ्यांच्या मधलं दिसत नाही. शिक्के मी भिंगातून बघितले आणि त्यांना सांगितले. ते फोटो पांढरे आहेत हे तुमचं पत्र मी वाचून दाखवीपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. चकती कुठे होती ते त्यांना कळलं नव्हतं, कळलं असं त्यांना वाटलं होतं. दुकानातून पाकीट आणलं ते त्यांनी उघडलंही नाही, कारण उघडून उपयोग नव्हता. तुमचं पत्र ऐकून त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि घडी करून खिशात घातलं. एक टोमणासुद्धा नाही! मला भीती वाटली. मग म्हणाले, "जिन्यात लावतील म्हटलं होतं."

कॅमेरा कपाटात ठेवून दिलाय. जुना फिल्मचा आहे त्यांच्याकडे, पण ओकायात आता फिल्म धुणारं कुणी उरलं नाही. तुम्हाला हे कळायला हवं असं मला वाटलं. चहा संपला त्यांचा.

*

तोक्यो, १४ डिसेंबर

मोमोसेबाई, हे पत्र मामांना मोठ्यानं वाचून दाखवा. जिथे ते "पुरे" म्हणतील तिथे थांबू नका.

मामा,

तुम्ही ढोंगी आहात. खोट्या दांड्याला हसता, रंगवलेल्या दाराला हसता आणि स्वतः चार महिने डोळे असल्याचं सोंग आणता? "मला दिसत नाही" ह्या तीन शब्दांची एक ओळ लिहायला तुमची शाई संपली होती? आदि-अंताचं तत्त्वज्ञान सुचलं, देव सुचला, बेडूक सुचला. तेवढं सुचलं नाही. आणि मी तुम्हाला लिहिलं, मान खाली घालून बघा. ते वाक्य मला आता रोज सकाळी दात घासताना आठवतं. हा तुमचाही दोष आहे. मी एकटी तो घेणार नाही.

आता माझा. होय, कागद मी लिहिला. डीच्या पहिल्या आराखड्यात खुंटी होती. मीच घालून घेतली होती, कोतात्सूची आठवण ठेवून. कुसामासाहेब एकदा सहज म्हणाले, "ही जाहिरातीत दिसत नाही, नाही का?" त्यांनी काढा म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळच्या आत कागद लिहून शिक्का वाकवून मारला. न मागितलेला नमस्कार. तुमच्या शब्दांत मला यापेक्षा वाईट म्हणता येईल. म्हणा.

परवा आराखडे बंद करायचा कागद माझ्या टेबलावर आला. मी तो घेऊन बैठकीत गेले. बरोबर हात पुसायचा टॉवेल नेला. मी म्हणाले, "साहेब, एक पाच मिनिटांचा खेळ आहे." त्यांनी डोळ्यांवर बांधून घेतला, त्यांना वाटलं वर्षअखेरच्या मेजवानीची तालीम आहे. मी त्यांच्या हातात डी दिला. "चकती एकशेपंचविसावर आणा." त्यांनी फिरवलं. फिरवलं. म्हणाले, "कुठून मोजू?" मी म्हणाले, "ते मलाच सांगता येत नाही, साहेब." कुणीतरी खिदळलं. मग मी जिन्याच्या कपाटातला जुना आसागिरी आणून दिला. त्यांनी चकती मागे नेली. ती अडली. मामा, त्यांचा हात थांबला तो मला दिसला. मग ते स्वतःशीच ओठ हलवत मोजायला लागले आणि टॉवेल न काढताच म्हणाले, "हे. हेच." बरोबर एकशेपंचवीस होतं.

टॉवेल काढल्यावर ते परत साहेब झाले. "बरं. पण टॉवेल बांधून फोटो कोण काढतं?" मी म्हणाले, "माझे मामा. ते अकरा पांढरे फोटो." 

मग मी कागदावर शिक्का मारला. उलटा. डोकं खाली, पाय वर. साहेबांनी विचारलं, "चुकलं का?" मी म्हणाले, "नाही. पटलेलं नाही." आमच्या कचेरीत उलटा शिक्का मी आजवर पाहिला नव्हता. नियमाप्रमाणे कागद थांबला. आता तो १० जानेवारीच्या बैठकीत पुन्हा येईल. माझी खुर्ची तोवर ह्याच मजल्यावर असेल की नाही ते मला माहीत नाही.

पण साहेब जाताना एक गोष्ट बोलले. म्हणाले, "एका मामासाठी चकती बदलायची? असे आहेत तरी किती? दाखव मला." पाहणी आम्ही करतो ती कॉफीच्या दुकानात करतो. हातमोजे घालून तळ्याकाठी उभे असलेले, डोळे अधू झालेले, अंधारात उभे राहणारे, ह्यांची मोजणी माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे. भाषणं ठोकायची हौस तुम्हाला आहे. आता ठोका.

दुसरी आवृत्ती हिरवीच निघेल. ते मला थांबवता येणार नाही. हसा.

तुमची चिहारू

*

ओकाया, १८ डिसेंबर

मित्रमैत्रिणींनो,

मोमोसेबाईंनी पत्र वाचलं. मी दोनदा "पुरे" म्हणालो, त्या थांबल्या नाहीत. ताकीदच होती तशी. मग त्यांनी मला विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, "आता ती नऊ वर्षांची झाली परत. लिहून घ्या."

माझ्या लबाडीबद्दल तुमची क्षमा मागतो. परवा आमच्या मंडळात मी हे सांगितलं, तेव्हा नित्तासान उठून म्हणाले, "ओगुची-सान, मला मोतीबिंदू आहे, मीही सांगितलं नव्हतं." त्यांच्यामागून इवादारे म्हणाले की त्यांच्या अंगठ्याला थंडीत आकडे कळत नाहीत. मग एकेक उठत गेला. आम्ही चौदाजण आहोत, त्यांतल्या नऊजणांना ती चकती नीट दिसत नाही, आणि नऊच्या नऊजण गेली दोन वर्षं एकमेकांना "झकास कॅमेरा" म्हणत होते. मुखवटा फक्त कंपनीनं घातला होता असं समजू नका.

कुसामासाहेब विचारतात, असे आहेत तरी किती. प्रश्न सरळ आहे. त्याचं उत्तर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू या.

तक्रारीचं पत्र पाठवू नका. तक्रारीची पत्रं कुठे जातात ते मी कारखान्यात असताना पाहिलं आहे. त्यांच्यासाठी वेगळी पेटी असते आणि तिला तळ असतो की नाही कुणालाच माहीत नाही. नववर्षाचं पत्र पाठवा. तुम्ही दरवर्षी शंभरेक लिहिता, त्यात हे एक. एक जानेवारीला सगळी एका गठ्ठ्यानं दारात येतात. आणि ह्या देशात माणूस कर बुडवील, बायकोशी खोटं बोलेल, पण नववर्षाच्या पत्राला उत्तर न देण्याची हिंमत कुणाच्यात नाही. साहेबांना आपल्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हातानं उत्तर लिहावं लागेल. त्यांची बोटं मोजतील आपण किती आहोत ते. बैठक दहा तारखेला आहे.

पत्त्यात 'आसागिरी, मुख्य कचेरी, तोक्यो, विभागप्रमुख कुसामा ह्यांस' एवढं पुरे. शुभेच्छांनंतर एकच ओळ : 'मी टॉवेल बांधून फोटो काढतो, चकतीला शेवट द्या.' डोंगर काढू नका, सूर्य काढू नका, भाषण करू नका. भाषण मी केलं आहे. खाली नाव, आणि नावावर तुमचा शिक्का.

पंचवीस तारखेच्या आत पेटीत टाका, तरच ते एक तारखेला पोचेल. आज उठा, कपाटातून शिक्का काढा, एक पत्र लिहा, आणि त्यावर तो शिक्का सरळ मारा.

ओगुची तेइजिरो
(लिहून घेतलं : मोमोसे किनुए. माझं पत्र कालच पेटीत पडलं.)